गाडी तुमची, प्रश्न तुमचे : रीमॅपआधी होज पाहिलात का?

प्रश्न : गेल्या महिन्यात २०१४ ची पोलो जीटी टीएसआय घेतली. मी तिसरा मालक. ८२ हजार किलोमीटर झालेत. चालते छान, पण मित्राच्या तशाच गाडीइतका पिकअप वाटत नाही. म्हणून स्टेज वन रीमॅप (इंजिनाच्या कंप्यूटरचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं) आणि मोठा एअर फिल्टर टाकायचा विचार आहे. बजेट चाळीस हजार. करू का? – एक वाचक, कोथरूड

उत्तर : ‘मित्राच्या तशाच गाडीइतका’ हे शब्द मी दोनदा वाचले. दोन्ही गाड्यांचं इंजिन १२०० सीसी, कंपनीतून निघताना १०५ पीएस आणि १७५ न्यूटन मीटर टॉर्क. मग तुमचीच मागे का पडते? कुठेतरी काहीतरी गळतंय किंवा झिजलंय. ती ताकद तुम्ही गाडीबरोबर घेतलेलीच आहे, ती आधी शोधा. नाहीतर टाकी फुटकी ठेवून मोठी मोटर बसवल्यासारखं होईल.

हा गाढवपणा मी स्वतः केलाय, म्हणून सांगतो. तीस वर्षं गॅरेज चालवणारा माणूस, पण स्वतःच्या जुन्या टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या डिझेल गाडीला न तपासता ताकद वाढवणारा ट्यूनिंग बॉक्स जोडला आणि रविवारी सकाळी बोपदेव घाटात निघालो. तिसऱ्या गिअरला पाय दाबला, ‘फट्’ आवाज झाला आणि आरशात काळाकुट्ट धूर. टोचन लावून गाडी खाली आणली. इंटरकूलरचा, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या जाळीचा, होज (रबरी नळी) क्लिपपाशी चिरलेला होता. चीर ताजी नव्हती, कडेला धूळ बसून तेलाची काळी साय धरली होती. म्हणजे किती महिने हवा तिथून जात होती कोण जाणे. नवा होज टाकला आणि गाडी अशी पळायला लागली की बॉक्स परत जोडलाच नाही. अजून ड्रॉवरमध्ये पडलाय.

तेव्हा तुम्हीही होजपासून सुरुवात करा. बॉनेट उघडा, टर्बोपासून इंटरकूलरपर्यंत आणि तिथून इंजिनपर्यंत प्रत्येक सांध्यावरून बोट फिरवा. हलका ओशटपणा चालतो, ओली रेघ चालत नाही. गॅरेजवाल्याला स्मोक टेस्ट करायला सांगा. धूर बाहेर येईल तिथे गळती, वाद संपला. मग स्कॅनर लावून गाडी चालवताना इंजिनाने मागितलेला बूस्ट (टर्बोने दिलेला हवेचा दाब) आणि प्रत्यक्ष मिळणारा बूस्ट शेजारीशेजारी पाहा. दोन्हींत अंतर असेल तर रीमॅपचा विषय तिथेच थांबवा.

ऑइल आजच बदला. आधीच्या मालकाने ‘नुकतंच केलंय’ सांगितलं असेल, पण सगळेच मालक तसं सांगतात. टर्बोची दांडी मिनिटाला लाखाच्या वर फेरे मारते आणि ती तेलाच्या पातळ थरावरच तरंगत असते. कॅनवर ‘फुल सिंथेटिक’ लिहिलंय एवढ्यावर जाऊ नका, फोक्सवॅगनचं ५०२ ०० हे मानांकन शोधा. आणि आपल्या ट्रॅफिकमध्ये पंधरा हजार किलोमीटरची वाट पाहू नका, साडेसात हजारांना बदला. सकाळी पहिल्या स्टार्टला दोन-तीन सेकंद खडखड येते का, तेही ऐका. येत असेल तर टायमिंग चेन आणि तिचा टेन्शनर तपासून घ्या.

प्लग चारही बदला. जुने फेकू नका, ओळीने कागदावर मांडा. तीन विटकरी आणि एक काळा निघाला तर त्या सिलिंडरकडे बघायला हवं. कंप्रेशन टेस्ट त्याच वेळी उरकते. शिवाय हे डायरेक्ट इंजेक्शनचं इंजिन. पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये जातं, इनटेक व्हॉल्व्ह धुतले जात नाहीत, त्यांवर कार्बनची खपली धरते. ८२ हजारांना ती काढून घेणं अगदी रास्त.

आता गिअरबॉक्स, हेच माझं खरं भय. तुमच्या सात गिअरच्या डीएसजीचे (फोक्सवॅगनचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स) क्लच कोरडे, आणि तो बॉक्स साधारण २५० न्यूटन मीटर टॉर्कपर्यंतचाच. रीमॅपवाले त्याच्या फार जवळ नेऊन ठेवतात. त्यात आधीच्या दोघांनी लक्ष्मी रोडला गाडी किती तास रांगवली असेल, देव जाणे. पहिल्यातून दुसऱ्यात जाताना थरथर जाणवते? मग चाळीस हजार क्लचसाठी राखून ठेवा. तेवढ्यात भागलं तर नशीब.

कूलंट, ब्रेक फ्लुइड बदलून टाका. टायरवरचे चार आकडे वाचा. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. असे टायर असतील तर आधी टायर. मोठा फिल्टर विसरा, कंपनीचाच नवा टाका. पार्ट नाना पेठेत मिळतील, पण जुना पार्ट हातात घेऊनच जा.

हे सगळं करून हजार किलोमीटर चालवा, मित्राच्या गाडीबरोबर एकदा खंबाटकी चढा. तरी रीमॅप हवाच वाटला तर करा, मात्र आधी मोटर वाहन कायद्याचं, गाडीतल्या फेरफारांबद्दलचं कलम ५२ वाचा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. क्लेमच्या वेळी कळवलं तर उपयोग नाही.

प्रश्न : घाट चढून आल्यावर टर्बो गाडी लगेच बंद करू नये म्हणतात. खरं का? – एक वाचक, हडपसर

उत्तर : खरं. पण दहा मिनिटं पेट्रोल जाळत बसायची गरज नाही. शेवटचा किलोमीटर हळू चालवा, थांबल्यावर अर्धा-एक मिनिट चालू ठेवा आणि बंद करा. त्यानंतरही पंखा घरघरत राहिला तर घाबरून बॅटरीची वायर काढू नका. एकांनी काढली होती.