जनुके तीच, वाचन वेगळे : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : जिवाणूत एकच आरएनए पॉलिमरेज (जनुकाची आरएनए प्रत उतरवणारे विकर) सगळी जनुके वाचते, मग आपल्या पेशीला त्यासाठी इतकी प्रथिने का लागतात? (बी.एस्सी.ची विद्यार्थिनी, सक्करदरा)

उत्तर : आपला डीएनए मोकळा नसतो. सुमारे 147 अक्षरजोड्यांचा एकेक तुकडा हिस्टोन प्रथिनांभोवती गुंडाळलेला असतो आणि घट्ट बांधलेल्या भागातले जनुक सहसा वाचले जात नाही. शिवाय प्रथिनांचे संदेश उतरवणारे पॉलिमरेज-2 जनुकाची सुरुवात स्वतःहून ओळखत नाही. टीबीपी हे प्रथिन डीएनएला बिलगून तो वाकवते, भोवती इतर घटक जमतात, मग टीएफ-टू-एच हा प्रथिनसमूह डीएनएचे दोन्ही धागे उकलून पॉलिमरेजच्या शेपटीला फॉस्फेट जोडतो, तेव्हा कुठे ते पुढे सरकते. हा व्याप मला अनाठायी वाटत नाही, कारण जनुक नेमक्या पेशीत, नेमक्या वेळी उघडणे त्यामुळेच शक्य होते.

प्रश्न : उतरवलेली प्रत थेट वापरली जाते का? (एक शिक्षक, महाल)

उत्तर : नाही. प्रत तयार होत असतानाच तिच्या पुढच्या टोकाला टोपी बसते, मधले इंट्रॉन (प्रथिनासाठी न लागणारे तुकडे) कापले जाऊ लागतात, शेवटी ॲडेनीनची शेपटी जोडली जाते आणि मगच ती केंद्रकाबाहेर पडते.

प्रश्न : आमच्या मुलाला सिकलसेल (लाल रक्तपेशी विळ्यासारख्या वाकण्याचा आजार) आहे, रिपोर्टमध्ये ‘एसएस’ (म्हणजे सदोष जनुक आईवडील दोघांकडून आलेले) लिहिले आहे. दोष सगळ्या पेशींत असताना आजार रक्ताचाच का? हायड्रॉक्सियुरियाच्या गोळीने जनुक सुधारते का? (एक पालक, पाचपावली)

उत्तर : विदर्भातल्या कित्येक घरांना हा प्रश्न पडतो. हिमोग्लोबिनचा घटक असलेल्या बीटा-ग्लोबिनच्या जनुकातले बदललेले एक अक्षर त्वचेच्या आणि मेंदूच्या पेशींतही असते. पण तिथे ते जनुक बंद राहते आणि अस्थिमज्जेत लाल पेशी घडताना गाटा-1 सारखी प्रथिने ते उघडतात. इतर अवयवांना इजा होते ती वाकड्या पेशींनी रक्तवाहिन्या तुंबल्यामुळे. गर्भात बीटाऐवजी गॅमा-ग्लोबिनचे जनुक वाचले जाते; जन्मानंतर बीसीएल-11-ए हे प्रथिन ते दाबून टाकते, म्हणूनच पहिले काही महिने बाळाला सहसा त्रास जाणवत नाही. हायड्रॉक्सियुरिया मूळ अक्षर बदलत नाही, तर गॅमा-ग्लोबिन असलेले गर्भावस्थेतले हिमोग्लोबिन वाढवते आणि त्याने पेशी वाकणे कमी होते. त्यामुळे गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय कृपया बंद करू नका. 2023 च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळालेल्या जनुक-संपादनाच्या उपचारातही सिकलचे अक्षर तसेच राहते. रक्तपेशींच्या मूळपेशींत बीसीएल-11-ए चे वाचन वाढवणारा डीएनएचा भाग तेवढा निकामी केला जातो आणि गॅमा-ग्लोबिन पुन्हा तयार होऊ लागते.