वाळवलं की विष जातं का?

प्रश्न: आमच्याकडे उमरेडजवळ पावसानं दडी मारली, ज्वारी गुडघ्याएवढी होऊन पिवळी पडली. शेजाऱ्याची कालवड त्यात शिरली, पोटभर खाल्लं अन् तासाभरात तडफडून मेली. गावातले म्हणतात किरळ लागली, म्हणजे कोवळ्या ज्वारीचं विष भिनलं, कापून वाळवून घाला म्हणजे काही होत नाही. मग धुऱ्यावरची कण्हेर, नाल्यातली बेशरम, रायमुनिया (घाणेरी) हेही वाळवून चालेल का? चारा लय महाग झालाय.
– एक पशुपालक

उत्तर: भाऊ, ज्वारीपुरतं गावातल्यांचं बरोबर आहे, पण तो नियम कण्हेरीला लावाल तर गोठा रिकामा होईल.

कसं आहे, कोवळ्या ज्वारीत धुरीन नावाचा पदार्थ असतो, तो नुसता विषारी नाही, पण जनावरानं चावला की पानातलंच एन्झाइम त्याला भिडतं आणि हायड्रोजन सायनाइड सुटतो. पोटातले जंतूही तेच काम करतात. मग रक्तात ऑक्सिजन असूनही पेशींना तो वापरता येत नाही, म्हणून अशा जनावराचं रक्त लालभडक दिसतं. हा सायनाइड २६ अंशाला उकळतो, आपल्या नागपुरी उन्हात तो उडून जाणारच, त्यामुळे कडकडीत वाळलेली ज्वारी चालते. नुसती सुकलेली, मान टाकलेली नाही हां, ती तर जास्त वाईट. पाण्याचा ताण पडल्यावर किंवा कापणीनंतर आलेले फुटवे सगळ्यात घातक. फुलोऱ्यावर आलं की धोका बराच कमी होतो.

एक गोष्ट मात्र लोक विसरतात, युरिया जास्त टाकला असेल अन् वरून पावसाचा ताण, तर ज्वारीच्या ताटात नायट्रेट साठतं आणि ते वाळवूनही जात नाही. त्यात रक्त चॉकलेटी होतं. म्हणजे युरिया मारलेल्या शेतातला चारा वाळवला तरी आधी तपासून घ्या.

आता कण्हेर. तिच्यातलं ओलिअँड्रिन थेट हृदयावर जातं आणि वाळल्या पानात तसंच टिकतं. उलट हिरवी कण्हेर कडू लागते म्हणून जनावर सोडून देतं, वाळून कुटारात (भुशात) मिसळली की कळतही नाही! छाटलेल्या फांद्या गोठ्याजवळ टाकूच नका.

रायमुनियातले लँटाडीन लिव्हर बिघडवतात, डोळे पिवळे, उन्हात कातडी सोलते. तेही वाळवून जात नाही. बेशरमीत स्वेनसोनीन आहे, ते हळूहळू काम करतं, शेळ्यांना तर त्या पानांची चटक लागते अन् मग मान थरथरणं, मागचे पाय लटपटणं सुरू होतं, तोवर बराच उशीर झालेला असतो.

किरळ लागल्याची शंका आली की घरगुती काढे पाजत बसू नका. तोंडातून फेस येतोय, जनावर धापा टाकतंय, तर १९६२ या जनावरांच्या दवाखान्याच्या हेल्पलाइनला फोन लावा आणि डॉक्टरला आधी सांगा की ज्वारी खाल्ली आहे, म्हणजे ते सोडियम नायट्राइट आणि थायोसल्फेट घेऊनच निघतील. शिरेतून वेळेत गेलं तर जनावर उठतं.