चिकुनगुन्यानंतर मूठ वळत नाही? आधी पुडीतल्या गोळीचं नाव विचारा

ताई, तुमची पोस्ट वाचली आणि लिहिल्याशिवाय राहवलं नाही. चिकुनगुन्याचा ताप जाऊन दोन महिने झाले, सकाळी मूठ वळत नाही, फळ्यावर लिहिताना खडू बोटांतून निसटतो, टाच जमिनीला टेकवत नाही. मग ओळखीतल्या एका दवाखान्यातून पुडीतल्या गोळ्या आणल्या, दुसऱ्याच दिवशी अंग मोकळं झालं, तर त्याच पुढे चालू ठेवू का, असं तुम्ही विचारलंय. चालू ठेवायच्या की नाही हा पुढचा प्रश्न. ती गोळी कोणती आहे, हे आज विचारून घ्या. आणि तोवर मनाने एकदम बंदही करू नका.

मी डॉक्टर नाही. शिवणकाम करते, ब्लाउज आणि ड्रेस. माझ्यावर जे गुदरलं ते आणि नंतर डॉक्टरांकडून जे समजून घेतलं तेवढंच लिहिते. भरपूर पाणी प्या, आराम करा, हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देते.

मलाही पावसाळा संपता संपता झाला. ताप लवकर उतरला, पण मनगटं, बोटांची पेरं आणि घोटे धरून राहिले. अंगठ्याचा सांधा असा सुजला होता की कात्रीच्या कडीत अंगठा जात नव्हता. हुक लावायची सुई हातात ठरत नव्हती. सणाची कामं अंगावर, गिऱ्हाइकांचे फोन चालू. अशा वेळी आमच्या भागातल्या ज्या दवाखान्यावर सगळ्यांचा विश्वास, तिथेच माणूस जातो.

तिथे एक इंजेक्शन मिळालं आणि पांढऱ्या कागदाच्या पुड्या. एका पुडीत तीन गोळ्या, एक पिवळी, एक गुलाबी आणि एक अगदी बारीक, पांढरी, मधोमध रेघ असलेली. सगळ्या पाकिटातून आधीच फोडून ठेवलेल्या. पुडीवर पेनने ‘सकाळ’, ‘रात्र’. चिठ्ठी नाही, नाव नाही, फाइल नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवर बसले होते. पुड्या संपल्या की दुखणं परत, की पुन्हा नव्या पुड्या. असे काही महिने गेले. चेहरा गोल झाला, भूक वाढली, शेजारच्या बायका म्हणाल्या, तब्येत छान सुधारली. ती सुधारलेली तब्येत नव्हती, पुडीतल्या स्टेरॉइडची, म्हणजे सूज झटकन दाबणाऱ्या औषधाची, सूज होती.

मग दवाखाना सुट्टीसाठी बंद झाला आणि पुड्या संपल्या. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, उलट्या, आणि सांधे पहिल्यापेक्षा जास्त धरलेले. घरच्यांनी मोठ्या हॉस्पिटलात नेलं. रक्तदाब खूप खाली होता. तिथल्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न, स्टेरॉइड कोणतं, किती मिलिग्रॅम, केव्हापासून? माझ्या पर्समध्ये एक रिकामा कागद होता.

मुलगा त्या दवाखान्यात पुन्हा पुन्हा गेला. आधी ‘डॉक्टर बाहेरगावी आहेत’. मग काउंटरवरच्या बाई म्हणाल्या, “आम्ही नावं लिहून देत नाही, पेशंट मग परस्पर मेडिकलमधून आणतात.” शेवटी डॉक्टर फोनवर आले ते म्हणाले, “फरक पडला होता ना त्यांना?” नाव शेवटपर्यंत सांगितलं नाही. माझ्या शरीरात काय गेलं हे मला सांगायला नकार! आजही लिहिताना हात थरथरतो माझा. पुढच्या डॉक्टरांना मात्रा अंदाजाने धरावी लागली, ती हळूहळू कमी करत आणावी लागली, आणि स्टेरॉइडने सूज दाबलेली असल्यामुळे खरा आजार किती उरलाय हेच कळेना. सांध्यांचा मूळ उपचार त्यामुळे लांबला. लग्नसराईची सगळी कामं दुसरीकडे गेली. चिकुनगुन्याने माझं नुकसान केलं त्याहून जास्त त्या न सांगितलेल्या नावाने केलं.

नीट समजून घ्या, स्टेरॉइड म्हणजे विष नाही. सांध्यांचे तज्ज्ञ ते देतात, पण मोजून, ठरावीक काळासाठी, आणि उतरत्या मात्रेत बंद करतात. आपल्या मूत्रपिंडांवर ज्या अधिवृक्क ग्रंथी असतात, त्या रोज कॉर्टिसॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड, तयार करतात. बाहेरून बरेच दिवस गोळी मिळत राहिली की त्या ग्रंथी काम थांबवतात, आणि गोळी अचानक तुटली की शरीराकडे काहीच उरत नाही. माझं नेमकं तेच झालं. म्हणून वर म्हटलं, मनाने बंद करू नका. तुमच्या गोळ्या थोड्याच दिवसांच्या असतील तर एवढी भीती नसावी, पण ते डॉक्टरांनी ठरवायचं. शुगर असेल तर आजच तपासा, स्टेरॉइडने ती भराभर चढते. बिनलेबलाच्या ‘सांधेदुखीच्या’ चूर्णांतही स्टेरॉइड मिसळलेलं सापडलेलं आहे, तेव्हा ‘जडीबुटी आहे, अपाय नाही’ यावरही जाऊ नका.

आणि हक्काचं सांगते, मला हे फार उशिरा कळलं. ॲलोपॅथीच्या डॉक्टरांसाठी २००२ सालचे आचारसंहितेचे नियम आहेत. रुग्णाने आपले वैद्यकीय कागद मागितले तर ७२ तासांत द्यायचे, असं त्यांत लिहिलंय. औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं नव्हे तर मूळ औषधाचं नाव, वाचता येईल असं लिहावं, हेही त्याच नियमांत आहे. तोंडी मागू नका. दोन ओळींचा अर्ज लिहा, त्याच्या प्रतीवर पोच घ्या. पोच मागितली की बोलण्याचा सूर बदलतो. तरी नाही दिलं तर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार करता येते. पुडीतली एक गोळी न खाता डबीत ठेवा आणि दोन्ही बाजूंचा फोटो काढा. कधी कधी गोळीवरच्या खुणेवरून केमिस्टला ओळखता येते.

आता दुखण्याचं. पहिले तीन आठवडे तीव्र आजाराचे धरतात, आणि तीन महिन्यांच्या पुढे गेलं की जुनाट म्हणतात. तुम्ही अजून मधल्या टप्प्यात आहात, बऱ्याच जणांचं याच काळात उतरतं. काहींचं मात्र महिनोन्‌महिने, क्वचित वर्षानुवर्षं राहतं, विशेषतः वय जास्त असेल किंवा सांधे आधीच दुखरे असतील तर. माझ्या सासूबाई बार्शीच्या. तिथे १९७३ साली चिकुनगुन्याची मोठी साथ आली होती, आणि तेव्हाही माणसं ताप गेल्यावर कितीतरी दिवस भिंत धरून चालायची, असं त्या सांगतात. म्हणजे ‘मनाचं आहे’, ‘कामाचा कंटाळा आहे’ असं कुणी घरात म्हणत असेल तर अजिबात ऐकून घेऊ नका.

डॉक्टर कोणते? माझं स्पष्ट मत, दोन महिने झालेत तर हाडांच्या डॉक्टरांआधी रूमॅटॉलॉजिस्टकडे, म्हणजे सांध्यांच्या आजारांच्या तज्ज्ञांकडे जा. हे सगळ्या गावांत नसतात. जिल्ह्याच्या ठिकाणी किंवा मेडिकल कॉलेजच्या ओपीडीत चौकशी करा. चिकुनगुन्या रक्ताच्या तपासणीने नक्की झाला होता का, तेही पाहा. संसर्ग झाल्यावर शरीर जी आयजीएम अँटीबॉडी तयार करतं, ती काही आठवडे ते महिने रक्तात राहते, त्यामुळे आताही कळू शकतं. शासनाच्या ठरावीक रुग्णालयांत ही तपासणी होते, तिथली किट्स पुण्याची राष्ट्रीय विषाणू संस्था तयार करते. आरए फॅक्टर ही आमवातासाठी करतात ती रक्ततपासणी पॉझिटिव्ह आली म्हणून कुणी लगेच ‘आमवात झाला, जन्मभर गोळ्या’ म्हटलं तर घाबरू नका. विषाणूच्या आजारानंतर ती तात्पुरती पॉझिटिव्ह येऊ शकते. अँटी-सीसीपी आणि सीआरपी या आणखी दोन रक्ततपासण्यांसोबत, हात प्रत्यक्ष तपासून ठरवतात. पुढे मेथोट्रेक्सेट हे सांध्यांच्या जुनाट सुजेवरचं औषध सुरू केलंच, तर ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतते. वार ठरवून कॅलेंडरवर खूण करा.

वेदनाशामक गोळ्या रिकाम्या पोटी नकोत, आणि बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर विचारल्याशिवाय नकोतच. कॉम्बिनेशनच्या गोळीत पॅरासिटामॉल असतं आणि वर आपण वेगळं घेतो, ती बेरीज करा. मोठ्या माणसाला चोवीस तासांत ४ ग्रॅमच्या पुढे जायचं नाही, लिव्हर नाजूक असेल तर त्याहून कमी.

सकाळच्या ताठरपणावर मला सगळ्यात उपयोगी पडलं ते गरम पाणी. उठल्या उठल्या, चहाच्याही आधी, सोसवेल इतक्या गरम पाण्यात मनगटापर्यंत हात बुडवायचे आणि पाण्यातच बोटं हलवायची. आधी फक्त वरची दोन पेरं दुमडायची, तळवा सरळ ठेवून. मग बोटं सरळ ठेवून मुळापासून वाकवायची. मग पूर्ण मूठ, जेवढी वळेल तेवढीच. दुसऱ्या हाताने दाबून मूठ बंद करायची नाही. फिजिओथेरपिस्टने मला एक माप दिलं, व्यायामानंतरचं दुखणं दोन तासांहून जास्त टिकलं तर उद्या कमी करायचं, बंद नाही करायचं. सांधा लाल, गरम, सुजलेला असेल त्या दिवशी शेक नको, कापडात गुंडाळलेला बर्फ. फिजिओथेरपीत मेणाचा शेक देतात तोही छान वाटतो, पण घरी मेणबत्त्या वितळवून करू नका, मेणबत्तीचं मेण जास्त तापमानाला वितळतं आणि भाजतं.

खडूला जाड फडकं किंवा फोमची नळी गुंडाळा, मी सुईसाठी आणि लाटण्यासाठी तसंच केलं. कपडे पिळणं पूर्ण बंद. कुकरचं झाकण दुसऱ्याला लावू द्या. घरात अनवाणी चालू नका, विशेषतः फरशीवर, मऊ तळाची चप्पल घाला. टाचेला फार फरक पडतो. शाळेत रजा मिळत नसेल तर डॉक्टरांकडून ‘फळ्यावर लेखन आणि जिने टाळावेत’ असं स्पष्ट लिहून आणा. नुसत्या ‘विश्रांती आवश्यक’ला कुणी विचारत नाही, हा माझ्या वहिनीचा अनुभव, त्याही शिक्षिका आहेत. आणि घरातली पिंपं, फ्रिजमागचा ट्रे आठवड्यातून एकदा कोरडा करा. चिकुनगुन्या सहसा परत होत नाही, पण तोच दिवसा चावणारा डास डेंग्यूही आणतो.

रात्री अंगठा आणि शेजारच्या बोटांना मुंग्या येऊन जाग येत असेल, डोळा लाल होऊन धूसर दिसत असेल, किंवा एकच सांधा तापासकट टम्म सुजला असेल, तर पुढच्या अपॉइंटमेंटची वाट पाहू नका. डोळ्याचं आणि तापाचं असेल तर त्याच दिवशी जा, मुंग्यांसाठी त्याच आठवड्यात.