२०१० ला ब्रिटनमध्ये कुणालाच बहुमत मिळालं नाही तेव्हा तिथल्या सामान्य लोकांना काय वाटलं होतं?

तुम्ही विचारलंय की ब्रिटनमध्ये २०१० च्या निवडणुकीत त्रिशंकू संसद आली तेव्हा लोक चिडले होते, घाबरले होते की त्यांना काही फरकच पडला नव्हता. मी तेव्हा लंडनला हॅरोमध्ये राहायचे, आणि मतदानही केलं होतं, कारण तिकडे राहणाऱ्या कॉमनवेल्थ देशांच्या नागरिकांना संसदेच्या निवडणुकीत मत देता येतं, माझा पासपोर्ट भारताचाच होता तरी. ही गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते म्हणून आधीच सांगते.

थोडक्यात सांगायचं तर लोक चिडले होते, पण कुणालाच बहुमत नाही याच्यावर नाही. आपलं मत मोजलं गेलं का, याच्यावर चिडले होते. हे दोन वेगळे राग आहेत आणि मला तो फरक बाबांमुळे कळला.

आई-बाबा तेव्हा सांगलीहून दोन महिन्यांसाठी आलेले. बाबा जिल्हा परिषद शाळेतले रिटायर्ड शिक्षक, म्हणजे लोकसभा, विधानसभा, झेडपी, ग्रामपंचायत, कुठलीही निवडणूक असो, बाबांना ड्युटी लागलेलीच, नंतरनंतर तर केंद्राध्यक्ष म्हणूनच. ६ मेला गुरुवारी सकाळी मी ऑफिसला जाता जाता मत द्यायला गेले तर तेही सोबत आले. सुट्टी वगैरे काही नसते तिकडे, लोक कामावर जाताना नाहीतर येताना मत देतात, सकाळी ७ ते रात्री १०. बाबांना आत सोडलं नाही, ते दारातूनच बघत होते. मी बाहेर आले तर म्हणाले बोट दाखव. शाई नाही, ओळखपत्र मागितलं नाही, नाव-पत्ता सांगितला आणि दोन कागद हातात दिले, एक संसदेचा आणि एक स्थानिक कौन्सिलचा कारण लंडनमध्ये दोन्ही त्याच दिवशी होतं, आणि फुली मारायला दोरीला बांधलेली पेन्सिल. पेन्सिल ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

रात्री १० ला बरोब्बर एक्झिट पोल आला, हुजूर पक्ष सगळ्यात मोठा पण बहुमत नाही. ६५० ची संसद, ३२६ हवेत, आणि शेवटी आले ते असे: हुजूर पक्ष ३०६, मजूर पक्ष २५८, लिबरल डेमोक्रॅट ५७. पण त्या रात्री आम्ही बघत बसलो ते आकडे नव्हेत, रांगा. शेफिल्ड, मँचेस्टर, लंडनमध्ये हॅकनी, अशा बऱ्याच ठिकाणी लोक तास-दोन तास रांगेत उभे होते आणि १० वाजले म्हणून त्यांच्या तोंडावर दार बंद केलं. लिव्हरपूलला एका ठिकाणी तर मतपत्रिकाच संपल्या. काही ठिकाणी लोक जायलाच तयार नव्हते, पोलीस बोलवावे लागले. नंतर निवडणूक आयोगाने हिशोब काढला तर २७ केंद्रांवर मिळून बाराशेच्या वर लोक मत न देता परत गेले होते.

बाबा सोफ्यावरून उठून उभे राहिले. मी त्यांना इतकं चिडलेलं फार कमी वेळा बघितलंय. आपल्याकडे काय करतात तर वेळ संपली की केंद्राध्यक्ष बाहेर येतो, रांगेतल्या सगळ्यात शेवटच्या माणसापासून सुरुवात करून पुढेपर्यंत सही केलेल्या चिठ्ठ्या वाटतो, म्हणजे मागून नवीन कुणी घुसू शकत नाही, आणि चिठ्ठी असलेल्या प्रत्येकाचं मत घेतल्याशिवाय केंद्र बंद होत नाही, मग रात्रीचे नऊ वाजोत नाहीतर अकरा. बाबा म्हणाले जतकडच्या एका केंद्रावर कंदिलाच्या उजेडात आम्ही शेवटची म्हातारी येईपर्यंत बसलो होतो, आणि या लोकांकडे साधी चिठ्ठी नाही?

दुसऱ्या दिवशी ऑफिसात मला वाटलं आता सरकार कुणाचं यावर चर्चा होणार. झाली, पण थोडीच. सगळ्यांच्या तोंडी त्या रांगाच होत्या. टीव्हीवर मात्र शुक्रवारपासून वेगळंच वातावरण, पौंड घसरला, शेअर बाजार पडला, ग्रीसचं कर्जाचं संकट तेव्हा ऐन भरात होतं त्यामुळे लवकर सरकार नाही झालं तर आपलंही ग्रीस होणार असं सारखं सांगत होते. आधीचे पंतप्रधान, मजूर पक्षाचे गॉर्डन ब्राऊन, पंतप्रधान निवासातच राहिले तर एका मोठ्या पेपरने त्यांना पहिल्या पानावर घुसखोर म्हटलं. खरं तर प्रथेने नवीन सरकार कोण बनवू शकतं ते स्पष्ट होईपर्यंत जुन्या पंतप्रधानाने थांबायचं असतं, देश वाऱ्यावर सोडून जाता येत नाही. पण बऱ्याच लोकांना हे माहीतच नव्हतं कारण त्यांची सवय वेगळी, गुरुवारी मतदान, रात्रभर मोजणी, शुक्रवारी दुपारी नवीन माणूस घरात. ३६ वर्षांत असं झालंच नव्हतं.

आमच्या खालच्या मजल्यावर एक आजी राहायच्या, पंचाहत्तरीच्या पुढच्या, त्यांना मात्र आठवत होतं. फेब्रुवारी १९७४. खाण कामगारांचा संप, कारखाने आठवड्यात तीनच दिवस, मेणबत्त्या, टीव्ही रात्री साडेदहाला बंद. त्या वेळी मजूर पक्षाला ३०१ आणि हुजूर पक्षाला २९७ जागा, पण मतं हुजूर पक्षाची जास्त, म्हणून हुजूर पक्षाचे पंतप्रधान एडवर्ड हीथ सोमवारपर्यंत लिबरल लोकांशी बोलत बसले आणि मग राजीनामा दिला. आजी म्हणाल्या तेव्हा भीती होती, आता नाही, आता फक्त घाई आहे. आईने त्यांना चहाबरोबर त्रिशंकूची गोष्ट सांगितली, मी भाषांतर करत होते, विश्वामित्राने वर पाठवला, इंद्राने खाली ढकलला, मधेच लटकला. आजींना फार आवडली, त्यांनी विचारलं मग त्याचं पुढे काय झालं, तर आई म्हणाली तो अजून तिथेच आहे.

शेवटी सरकार बनायला पाच दिवस लागले, बाबांना तर ते काहीच वाटत नव्हते. २००९ ला महाराष्ट्रात विधानसभेचा निकाल लागला २२ ऑक्टोबरला आणि शपथविधी झाला ७ नोव्हेंबरला, आणि तेही एकत्र लढलेल्या आघाडीचा, खातेवाटपावरून अडलेलं. आणि १९९९ ला काँग्रेस ७५, राष्ट्रवादी ५८, शिवसेना ६९, भाजप ५६ असं आलेलं, आणि ज्या दोन काँग्रेस प्रचारात एकमेकींविरुद्ध लढल्या त्याच नंतर एकत्र बसल्या. त्यामुळे आम्हाला दोघांनाही हे नवीन नव्हतं.

शनिवारी ८ मेला मी आई-बाबांना वेस्टमिन्स्टर बघायला घेऊन गेले. जवळच स्मिथ स्क्वेअर म्हणून चौक आहे, तिथे लिब डेम म्हणजे लिबरल डेमोक्रॅटच्या खासदारांची बैठक चालली होती आणि बाहेर हजारभर लोक जमलेले, बरेच जण जांभळ्या कपड्यांत. बाबा म्हणाले हे कुठल्या पक्षाचे? मी म्हटलं पक्षाचे नाहीत, यांना मतांवरून जागा ठरवायची पद्धत बदलायची आहे. तेवढ्यात लिब डेमचे नेते निक क्लेग स्वतः बाहेर आले आणि हातात भोंगा घेऊन त्यांच्याशी बोलले. क्लेग म्हणजे तेच ज्यांनी १५ एप्रिलच्या पहिल्या टीव्ही डिबेटनंतर सगळा देश हलवला होता, तिकडे असली डिबेट पहिल्यांदाच झालेली, आणि तरी निकालात त्यांच्या पाच जागा कमीच झाल्या होत्या. ट्यूबमधून, म्हणजे तिथल्या भुयारी रेल्वेतून, परत येताना बाबांनी तिकिटाच्या मागे गणित मांडलं. लिब डेमला ६८ लाख मतं, जागा ५७. मजूर पक्षाला ८६ लाख, जागा २५८. म्हणजे एकाला एका जागेसाठी १ लाख २० हजार मतं लागली, दुसऱ्याला ३३ हजार. आपलीही पद्धत तीच आहे, मतदारसंघात ज्याला सगळ्यात जास्त मतं तो जिंकला, त्यांच्याकडूनच आलेली, बाबांनी आयुष्यभर ती राबवली होती पण असा भागाकार कधी केला नव्हता असं ते स्वतःच म्हणाले.

माझ्या मते तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर त्या चौकात होतं. हे लोक कुणाचं सरकार येणार म्हणून आले नव्हते, आपलं मत कुठे गेलं हे विचारायला आले होते. रात्री दार बंद झालेला माणूस आणि हा माणूस, दोघांचं दुखणं एकच.

पुढचं पटकन सांगते. ११ मेला मंगळवारी संध्याकाळी ब्राऊन बायको-मुलांचा हात धरून त्या काळ्या दारातून निघाले, तासाभरात हुजूर पक्षाचे डेव्हिड कॅमेरून पंतप्रधान, दुसऱ्या दिवशी बागेत कॅमेरून आणि क्लेग शेजारी शेजारी उभे. दुसऱ्या महायुद्धानंतरचं पहिलं आघाडी सरकार. लोकांना सुरुवातीला ते बऱ्यापैकी आवडलं होतं हे मी नक्की सांगू शकते, भांडण्यापेक्षा बसून बोलले हे बरं झालं असं ट्रेनमध्ये, दुकानात ऐकू यायचं.

राग आला तो डिसेंबरमध्ये. लिब डेमच्या उमेदवारांनी निवडणुकीआधी सह्या करून दिलेल्या की विद्यापीठाच्या फी वाढीविरुद्ध मत देऊ, आणि ९ डिसेंबर २०१० ला कमाल फी ३,२९० पौंडांवरून ९,००० करायला संसदेने मंजुरी दिली, त्यात लिब डेमचे मंत्री बाजूने आणि पक्ष मधोमध फुटलेला. माझ्या टीममध्ये लीड्सचा एक जण होता, त्याची मुलगी २०१२ ला कॉलेजला जाणार, त्याने आयुष्यात पहिल्यांदा लिब डेमला मत दिलं होतं ते त्या सहीमुळे. तो मला म्हणाला, त्यांनी युती केली याचं मला काही नाही, पण माझ्या मताने त्यांनी हे केलं. हे बोलताना त्याचा आवाज बदलला होता, मला अजून आठवतो. मे २०११ ला पद्धत बदलायचं सार्वमत झालं त्यात जवळजवळ ६८ टक्के लोकांनी नको म्हटलं, बदल हवा असणारे कितीतरी जण तेव्हा क्लेगवर इतके चिडलेले होते की माझ्या ओळखीतले काही तर तेवढ्यासाठी नको म्हणून आले. २०१५ ला लिब डेमचे ५७ चे ८ खासदार झाले.

२०१७ ला परत त्रिशंकू आली तेव्हा धक्का कमी आणि थकवा जास्त होता, पण तेव्हाही लोक खवळले ते सौद्यावर, डीयूपी या नॉर्दर्न आयर्लंडच्या पक्षाच्या दहा खासदारांचा हुजूर पक्षाला पाठिंबा आणि नॉर्दर्न आयर्लंडला १ अब्ज पौंड.

रांगांचं सांगायचं राहिलं. २०१३ ला कायदा बदलला, आता १० वाजता रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं. मी बातमी वाचली आणि लगेच सांगलीला फोन लावला. बाबांनी सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, चिठ्ठ्या शेवटून वाटणार आहेत ना, कायद्यात तसं लिहिलंय का ते बघ.