चेक, चेक्स आणि चेकमेट

प्रश्न : चेक्सचा शर्ट, बँकेचा चेक, 'जरा चेक कर', विमानाचं चेक-इन, बुद्धिबळातला चेक, हे सगळे एकच शब्द आहेत की उच्चार सारखा असलेले वेगवेगळे? आणि बँकेच्या चेकच्या स्पेलिंगमध्ये ब्रिटिश लोक 'क्यू' का घालतात?
– एक वाचक

उत्तर : एकच आहेत हो सगळे, आणि गंमत म्हणजे या सगळ्यांचा बाप आपल्या ओळखीचा निघतो. फारसीतला शाह, म्हणजे राजा. चतुरंग आपल्याकडून इराणात गेला, तिथे त्याचा चतरंग झाला, अरबांनी त्याचा शतरंज केला आणि खेळ युरोपात पोचला तेव्हा 'शाह!' ही आरोळी पण बरोबर गेली. जुन्या फ्रेंचमध्ये तिचं 'एशेक' झालं, इंग्रजीत पुढचा 'ए' गळाला आणि उरला चेक. त्याच फ्रेंच शब्दाचं अनेकवचन इंग्रजीत गेलं ते चेस, म्हणजे चेस हे खरं तर चेकचंच अनेकवचन आहे. आपण शह आणि मात थेट फारसीतून उचलले आणि नंतर तोच शाह इंग्रजीच्या मागच्या दाराने चेक म्हणून परत घरात घेतला. फ्रेंचमध्ये तर 'एशेक' म्हणजे आजही अपयश.

आता अर्थ कसे फुटत गेले ते बघा. शह बसला की राजाला मनासारखं खेळता येत नाही, आधी शह काढावा लागतो, म्हणून चेक म्हणजे रोखणं, लगाम घालणं. राज्यशास्त्रात 'चेक्स अँड बॅलन्सेस' म्हणतात तिथे हाच जुना अर्थ आहे, तपासणीचा नाही. तपासणं हा अर्थ बराच नंतरचा, चुकीला किंवा लबाडीला आळा घालायचा तर पडताळून बघावं लागतं, तिथून तो आला. चेक-इन, चेकअप, चेकपॉइंट ही सगळी त्याच्या पुढची पिलावळ.

शर्टावरचे चेक्स म्हणजे सरळ बुद्धिबळाच्या पटाचे चौकोन. पण मला स्वतःला सगळ्यात आवडतो तो एक्सचेकर, ब्रिटनच्या अर्थमंत्र्याला आजही 'चान्सलर ऑफ द एक्सचेकर' म्हणतात ना, तोच. बाराव्या शतकात इंग्लंडच्या राजाचा हिशोब एका टेबलावर चालायचा, साधारण 10 फूट लांब आणि 5 फूट रुंद, त्यावर रेघा आखलेलं काळं कापड. रोमन आकड्यांत बेरीज-वजाबाकी करणं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून पेनी, शिलिंग, पौंड असे रकाने पाडून त्यात सोंगट्या सरकवायच्या आणि समोर बसलेल्या शेरीफने, म्हणजे राजाच्या वसुली अधिकाऱ्याने, हिशोब द्यायचा. 1170च्या दशकात रिचर्ड फिट्झनील नावाच्या खजिनदाराने या कारभारावर पुस्तकच लिहिलंय, त्यात तो नावाचा संबंध बुद्धिबळाच्या पटाशी जोडतो आणि वर म्हणतो की इथे खरी लढाई खजिनदार आणि शेरीफ यांच्यातच असते. बिचारा शेरीफ! (याच खात्याच्या पैशाच्या पावत्या म्हणजे खाचा पाडलेल्या लाकडी पट्ट्या असायच्या, जुन्या पट्ट्यांचा ढीग 1834 मध्ये जाळायला घेतला आणि त्या आगीत लंडनचं संसद भवनच जळालं.)

बँकेचा चेक अठराव्या शतकातला. आधी चेक म्हणायचे ते पावतीच्या स्थळप्रतीला, कारण तिच्याशी ताडून बघितलं की खोटा कागद पकडता यायचा. मग नाव त्या कागदालाच चिकटलं. स्पेलिंग आधी साधंच होतं, 'क्यू' आला तो एक्सचेकरच्या स्पेलिंगच्या प्रभावाने. अमेरिकनांनी तो घेतलाच नाही, ते जुनंच वापरतात आणि रेस्टॉरंटच्या बिलालाही चेकच म्हणतात, बरोबरच्या खुणेलाही चेक.

प्रश्न : मग चेक प्रजासत्ताकाचं काय?

उत्तर : काही संबंध नाही. ते तिथल्या लोकांचं स्वतःचं नाव, दंतकथेतल्या चेक नावाच्या मूळपुरुषावरून सांगतात. इंग्रजीतलं त्याचं विचित्र स्पेलिंग पोलिश भाषेतून आलंय, त्यामुळे निदान कागदावर तरी घोटाळा होत नाही.