बाळंतपणात रक्तदाब वाढून झटके आले आणि नंतर भ्रम झाला, तर त्याला काय समजावे?

प्रसूतीच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या बहिणीला झटके आले, पुढे तीन दिवस ती कोणाला ओळखत नव्हती, असंबद्ध बोलत होती आणि आता घरातील वडीलधारी मंडळी बाहेरची बाधा म्हणत आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. मी प्रसूती कक्षात अनेक वर्षे परिचारिका होते आणि अशा बाळंतिणी मी जवळून पाहिल्या आहेत. ही बाधा नव्हे. वाढलेल्या रक्तदाबाने मेंदूला झालेली इजा असण्याचीच शक्यता अधिक आहे.

गर्भारपणाच्या विसाव्या आठवड्यानंतर रक्तदाब 140/90 वर जाऊन लघवीतून प्रथिने जाऊ लागली की त्याला प्रीएक्लॅम्प्सिया म्हणतात, आणि त्यात झटके आले की एक्लॅम्प्सिया. मेंदूतील सूक्ष्म रक्तवाहिन्यांना हा दाब पेलवत नाही, त्यांतून पाणी झिरपते आणि सूज येते. ती बहुधा मेंदूच्या मागच्या भागात, पाहिलेल्याचा अर्थ लागतो तिथे, येते. म्हणून झटक्यांच्या आधी डोके ठणकते, डोळ्यांपुढे काजवे चमकतात, क्वचित काही काळ दिसेनासेही होते. वेळेवर उपचार मिळाले तर बहुतेकींची ही सूज ओसरते. झटक्यांवर मॅग्नेशियम सल्फेट देतात. प्रत्येक पुढच्या मात्रेआधी आम्ही गुडघ्यावर हातोडीने हलकेच मारून पाय उडतो का, श्वास आणि लघवी पुरेशी आहे का, हे पाहत असू, कारण मात्रा जास्त झाली तर श्वास मंदावतो. 2002 साली प्रसिद्ध झालेल्या मॅगपाय चाचणीत, 33 देशांतील सुमारे 10,000 स्त्रियांमध्ये, या औषधाने झटक्यांचा धोका निम्म्याहून अधिक घटला.

झटक्यांनंतरचा गोंधळ सहसा काही तासांत किंवा दिवसांत निवळतो. मात्र ती आता रात्र-रात्र जागत असेल, तिला आवाज ऐकू येत असतील किंवा बाळाविषयी भलत्या शंका येत असतील, तर ती प्रसूतीनंतरची मनोविकृती असू शकते. आजच रुग्णालयात न्या आणि तोवर तिला व बाळाला एकटे ठेवू नका. एका बाजूचा हातपाय लुळा पडला, पुन्हा झटका आला किंवा डोके असह्य दुखू लागले, तर थेट 108 ला फोन करा, कारण मेंदूत रक्तस्राव किंवा गुठळीही होऊ शकते. ती नुसती रडत असेल, त्या रात्रीची आठवण येऊन दचकत असेल, तरी तेही दुर्लक्षिण्यासारखे नाही. टेलि-मानस या मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी हेल्पलाइनच्या 14416 या क्रमांकावर मराठीत बोलता येते.

रक्तदाब प्रसूतीनंतरचे सहा आठवडे तरी मोजत राहा. पुढच्या गर्भारपणात पहिल्याच भेटीत हा सगळा इतिहास डॉक्टरांना सांगा, म्हणजे साधारण बाराव्या आठवड्यापासून कमी मात्रेत ॲस्पिरिन द्यायचे का, हे त्यांना ठरवता येईल.