आरोग्यप्रश्न : साठ दिवसांच्या घरगुती कार्डिओचा आवाका

प्रश्न : माझे वय ४१ असून मी एका पतसंस्थेत लेखनिक आहे. दिवसभर खुर्चीवर बसून काम चालते, जाणे-येणे मोटारसायकलवर होते आणि कमरेचा घेर ९६ सेंटिमीटर झाला आहे. पुतण्याने ‘इन्सॅनिटी’ या ६० दिवसांच्या घरगुती कार्डिओ कार्यक्रमाच्या चित्रफिती दिल्या. आठवड्यातून सहा दिवस व्यायाम आहे. पहिल्या आठवड्यात वॉर्म-अप संपायच्या आतच मी खाली बसतो, पोटऱ्या भरून येतात आणि जिना उतरताना गुडघ्यात कळ येते. ‘सोडू नका, शरीराला सवय होते,’ असे पुतण्याचे म्हणणे आहे. वडिलांना ५२व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला होता. हा कार्यक्रम रेटून पूर्ण करावा का? आणि उपाशीपोटी केल्यास चरबी लवकर उतरते, हे खरे का?
— एक वाचक, लातूर

उत्तर : वडिलांविषयीचे वाक्य आपण जाता जाता लिहिले आहे, परंतु उत्तराची सुरुवात तेथूनच करावी लागते. वडिलांना किंवा सख्ख्या भावाला ५५ वर्षांच्या आत, अथवा आईला किंवा बहिणीला ६५ वर्षांच्या आत हृदयविकार झाला असल्यास आपला स्वतःचा धोकाही वाढलेला धरतात. भारतीय पुरुषांसाठी कमरेचा घेर ९० सेंटिमीटरच्या आत असावा असे मानले जाते, आणि आपण ती मर्यादा ओलांडली आहे. तेव्हा उड्यांचा व्यायाम आजच थांबवावा आणि फिजिशियनकडून रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, कोलेस्टेरॉल व ईसीजी तपासून घ्यावा. ट्रेडमिलवरील ताणचाचणी लागेल की नाही, हे तेच ठरवतील. चालताना किंवा जिना चढताना छातीत दाब, घेरी अथवा डाव्या हातात वा जबड्यात कळ जाणवत नसेल, तर तोपर्यंत सपाट रस्त्यावर चालण्यास हरकत नाही. असे काही जाणवले तर भेटीच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी दवाखाना गाठावा.

आता कार्यक्रमाकडे येऊ. शॉन टी या अमेरिकी प्रशिक्षकाचा हा कार्यक्रम २००९ मध्ये आला आणि तो मुळातच ज्यांचा दम बऱ्यापैकी तयार आहे अशांसाठी बेतलेला आहे. त्याची सुरुवातच चाचणीने होते : आठ प्रकारचे व्यायाम, प्रत्येकी एक मिनिट, आणि किती आवर्तने झाली याची नोंद, हीच चाचणी दर दोन आठवड्यांनी पुन्हा घ्यायची असते. नेहमीच्या इंटरव्हल व्यायामात थोडा वेळ जोर आणि त्यानंतर पुरेशी उसंत असते, तर येथे ती घडी उलटी केलेली आहे, म्हणजे तीनेक मिनिटे जोर आणि जेमतेम अर्धा मिनिट विश्रांती. तयारीच्या माणसाची दमश्वास टिकवण्याची क्षमता यातून वाढते, हे मान्य आहे. ज्याने वर्षानुवर्षे मोटारसायकल सोडलेली नाही त्याला मात्र दुसऱ्या फेरीपासून नुसती धाप मिळते, आणि धापा टाकत मारलेली उडी टाचेवर किंवा आत वळलेल्या गुडघ्यावर उतरते.

अशा व्यायामांच्या समर्थनार्थ जपानी संशोधक इझुमी तबाता यांच्या १९९६ च्या प्रयोगाचा दाखला हमखास दिला जातो. वीस सेकंद सर्व शक्तीनिशी जोर, दहा सेकंद थांबा, अशा सात-आठ फेऱ्या करून सहा आठवड्यांत प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता लक्षणीय वाढली, हे खरे आहे. पण ती तरुण मुले शारीरिक शिक्षणाची विद्यार्थी होती आणि ती जागच्या जागी चालवायच्या सायकलवर बसलेली होती. सायकलवर उडी नसते आणि उतरणेही नसते. आपण शहाबादी फरशीवर, बहुधा अनवाणी किंवा जुन्या चपलेवर, शरीराच्या वजनाच्या कितीतरी पट भार दर उडीला गुडघ्यावर घेत आहात. चित्रफितींमध्ये हा फरक सांगितला जात नाही.

पुतण्याचे म्हणणे अर्धे खरे आहे. हृदय आणि फुप्फुसे काही आठवड्यांत सरावतात, स्नायूही लवकर सावरतात. पण स्नायूंना हाडांशी बांधणारे कंडरे आणि सांध्यांचे अस्थिबंध फार सावकाश बळकट होतात. त्यामुळे दम वाढल्याने माणूस जोमाने उड्या मारू लागतो आणि नेमके तेव्हाच गुडघा किंवा घोटा बिघडतो. पोटऱ्या भरणे दोन-तीन दिवसांत ओसरते; जिना उतरताना सांध्यात येणारी कळ मात्र सवयीने जाण्याची वाट पाहू नये. अतिश्रमानंतर मांड्या सुजून कडक झाल्या आणि लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंच्या पेशी फुटून त्यांतील द्रव्ये मूत्रपिंडांवर येत असण्याचा संभव असतो. अशा वेळी ताबडतोब रुग्णालयात जावे.

तपासण्या ठीक आल्यास पहिले चार ते सहा आठवडे झपझप चालण्याचे ठेवावेत, आठवड्यातून पाच दिवस, रोज अर्धा तास. वेग असा असावा की शेजारच्याशी पूर्ण वाक्य बोलता येईल, पण अभंग म्हणता येणार नाही. नाडी मोजायची असल्यास पंधरा सेकंदांचे ठोके चारने गुणावेत. आपल्या वयाला मिनिटाला साधारण ११० ते १३० ठोके या टप्प्यावर पुरेसे आहेत, मात्र रक्तदाबाच्या काही गोळ्यांमुळे नाडी दबून राहते, तेव्हा बोलण्याची कसोटीच अधिक भरवशाची. जोडीला आठवड्यातून दोन दिवस खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे आणि भिंतीला हात टेकून जोर काढणे. त्यानंतर चालण्यातच अर्धा मिनिट वेग आणि दीड मिनिट सावकाश अशा सहा ते आठ फेऱ्या एक दिवसाआड घालाव्यात. एवढे सहज झेपू लागले की पुतण्याच्या चित्रफिती पुन्हा लावाव्यात, पण प्रत्येक उडीच्या जागी एक पाय बाजूला टाकून परत घ्यावा आणि थकवा येईल तेथे, पडद्यावरचा माणूस काहीही ओरडत असला तरी, थांबावे. साठ दिवसांचे वेळापत्रक आपल्या बाबतीत पाच-सहा महिन्यांचे झाले तरी त्यात कमीपणा नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रम, किंवा ७५ ते १५० मिनिटे जोरकस श्रम पुरतात. सहा दिवस छाती फुटेपर्यंत धावावे, असे कोणी सांगितलेले नाही.

आपल्याकडच्या उन्हाळ्याचा विचार तर अमेरिकेत बेतलेल्या वेळापत्रकात असणारच नाही. एप्रिल-मे महिन्यांत पत्र्याची खोली संध्याकाळी सातलाही तापलेली असते, आणि तेवढ्याच श्रमाला उष्म्यात नाडी बरीच वर जाते. म्हणून त्या दिवसांत सूर्योदयापूर्वीच व्यायाम उरकावा. टँकरच्या दिवसांत पाणी जपून वापरण्याची सवय नकळत पिण्याच्या पाण्यालाही लागते, तसे होऊ देऊ नये. रक्तदाब नसेल तर व्यायामानंतर मीठ घातलेले ताक उत्तम.

उपाशीपोटी व्यायाम करताना इंधन म्हणून चरबी थोडी अधिक वापरली जाते, पण दिवसाचा एकूण आहार तेवढाच राहिला तर महिन्याअखेरीस वजनात सांगण्याजोगा फरक दिसत नाही. उपाशीपोटी गळून गेल्यासारखे वाटत असेल तर अर्धे केळे खाऊन व्यायाम करावा. प्रथिनांची महागडी भुकटी लागत नाही. ज्वारीच्या भाकरीबरोबर मटकीची उसळ, घट्ट वरण किंवा अंडी आपल्या टप्प्याला पुरेशी आहेत.

प्रश्न : वय २९, शिक्षिका. जावेबरोबर घरी असाच कार्डिओ सुरू केला. तिला झेपते, मला मात्र पहिल्या पाच मिनिटांत छातीत धडधड होते, एरवी एक जिना चढला तरी दम लागतो. माझा स्टॅमिनाच कमी आहे का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : स्टॅमिन्याला दोष देण्याआधी हिमोग्लोबिन तपासावे, गरोदर नसलेल्या स्त्रीमध्ये ते १२ ग्रॅमपेक्षा कमी असल्यास रक्तक्षय समजतात. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९–२१ च्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांमध्ये तो आढळला, तेव्हा ही शंका दूरची नाही. त्याच वेळी थायरॉइडही पाहून घ्यावे. रक्त कमी असताना हृदयाला तेवढाच प्राणवायू पोचवण्यासाठी अधिक वेगाने धावावे लागते, आणि कितीही उड्या मारल्या तरी ती उणीव भरत नाही. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्यास त्या चहाबरोबर घेऊ नयेत; जेवणानंतर लगेच चहा घेण्याची सवयही तासाभराने पुढे ढकलावी. तोपर्यंत जावेबरोबर चालायला जावे.

प्रश्न : पोलीस भरतीची तयारी करतो आहे. घरच्या कार्डिओने १६०० मीटरची वेळ सुधारेल का?
— एक वाचक, बीड

उत्तर : थोडीफार, तीही सुरुवातीला. मैदानी चाचणीच्या ५० गुणांपैकी २० गुण १६०० मीटरला आणि प्रत्येकी १५ गुण १०० मीटर व गोळाफेकीला असतात. यांपैकी एकही गोष्ट खोलीत उड्या मारून शिकता येत नाही. धावण्याचा वेग धावण्यानेच बांधला जातो. आठवड्यातून एकदा मैदानावर ४०० मीटरच्या चार फेऱ्या मधे तीन मिनिटे चालून कराव्यात, एकदा सावकाश लांब धावावे, आणि घरचा कार्डिओ पावसाने मैदान चिखलाचे झाले असेल त्या दिवसांपुरता ठेवावा.